रोपवेची तार कुणाची?

घरत सदन, सेक्टर १९, उलवे
२३ जून २०२४

ती. बाबांना,
शि. सा. न. वि. वि.

यापुढे महत्त्वाचं काही असलं तर मी पत्रच लिहीन. फोनवर तुम्ही कानाचं मशीन लावत नाही, मला हॉलमध्ये उभं राहून ओरडावं लागतं, आणि आतल्या खोलीत पडलेला तुमचा जावई शब्द न् शब्द ऐकतो. परवा तुमचा फोन झाल्यावर त्याने मला विचारलं, की मी पुन्हा उडणार नाही हे डॉक्टर म्हणाले, का तू आणि बाबांनी मिळून ठरवलंत? तेव्हा पत्र. एसटीत कंट्रोलर होतात तेव्हा तुमचं अक्षर बघून ड्रायव्हर लोक घाबरायचे म्हणे. ते अजून शाबूत असेल अशी आशा आहे.

दिपेश हॉस्पिटलमधून घरी आलाय. मणक्यात स्क्रू, उजव्या पायात सळी, कंबरेला पट्टा. थोडा वेळ बसला तरी घामाने भिजतो. भेटायला येणाऱ्यांची रीघ आहे. उलव्यात घरतांचा गोतावळा केवढा ते तुम्ही लग्नात पाहिलंय. जो येतो तो शहाळं ठेवतो, खुर्ची ओढतो आणि विचारतो, की एवढी जाड तार दिसली नाही कशी? एका चुलतभावाने तर सांगितलं, की तो बाइकवरून जाताना पतंगाचा मांजासुद्धा लांबून बघतो. दिपेश भिंतीकडे तोंड करून झोपेचं सोंग घेतो. आता मामंजी लोकांना खाली पार्किंगमध्येच चहा पाजून परत पाठवतात.

मुद्द्याचं लिहिते. दिपेशच्या हेलिकॉप्टर कंपनीने अपघाताचा आपला अहवाल पाठवलाय. सरकारी चौकशी व्हायचीय, पण यांचा निकाल तयार आहे. वैमानिकाने ठरल्यापेक्षा खालून हेलिकॉप्टर नेलं आणि समोरचा अडथळा वेळेत पाहिला नाही, एवढंच. बाबा, रबराच्या झाडांवर औषध मारायचं तर शेंड्यांना लागूनच जावं लागतं. उंचावरून मारलं तर औषध वाऱ्यावर जातं. हे त्याच कंपनीने त्याला शिकवलंय! आणि आदल्या दिवशी दिपेशने तुमच्याकडच्या रबर इस्टेटीच्या मॅनेजरला, त्या हरेशला, विचारलं होतं की दरीत कुठे आडव्या तारा आहेत का. हरेशने नकाशा पुढे केला. त्यात विजेच्या दोन लाइनी होत्या, बाकी काही नाही. आता हरेश म्हणतो, मला कुणी काही विचारलंच नव्हतं.

दिपेशला नीट आठवत नाही. ऊन समोरून येत होतं आणि मग पाठीमागून कुणी मानगूट धरल्यासारखं झालं, एवढंच सांगतो. पूर्वी कामावरून आला की कपड्यांवरचे ते औषधाचे हिरवट निळे डाग दाखवत काय काय सांगायचा. आता त्याचं तोंड उघडत नाही. मला भीती वाटते की हळूहळू तो त्यांच्याच म्हणण्यावर विश्वास ठेवायला लागेल.

एप्रिलमध्ये त्या सकाळी तुम्ही ओटीवर होतात. जावई हेलिकॉप्टर उडवतोय म्हणून वाडीतल्या लोकांना बोलावून बसवलं होतंत. मला भांडायचं नाही, पण विचारते. ती तार आहे कुणाची? आणि एवढ्या माणसांत एकालाही ती आठवली नाही?

आईला सांगा, आमसुलं पोचली. आशीर्वाद तर द्याच, पण आधी उत्तर द्या.

तुमची
क्षिप्रा


मु. शिरवलखोल, ता. दोडामार्ग
९ जुलै २०२४

चि. सौ. क्षिप्रा हिस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्र वाचलं. तुझ्या आईने दोनदा वाचून घेतलं आणि दोन्ही वेळा मलाच रागे भरली.

तार सगळ्यांना ठाऊक होती, म्हणूनच ती कुणाला आठवली नाही. तू कॉलेजला गेलीस त्यानंतर ती आली. इस्टेटीच्या आधीच्या मालकाने अननस आणि रबराच्या शीटा नदीपलीकडून आणायला रोपवे घातला होता. या डोंगरावर एक खांब, त्या डोंगरावर एक, मधे दोन पोलादी तारा, आणि त्यांवरून पाळणे जायचे. पुढे पूल झाला, रोपवे बंद पडला, मालकही बदलला. खांबांवर वेली चढल्या. तुझ्या आईला त्या तारेविषयी एवढंच माहीत, की तिच्यावर धनेश पक्षी बसतात. आकाशातून कुणी या उंचीवर येईल हे आमच्या स्वप्नातही नव्हतं. आणि तपासणीसाठी कंपनीची माणसं जीपमधून फिरली तेव्हा वाडीतल्या एकालाही त्यांनी थांबून विचारलं नाही.

मी काय पाहिलं ते लिहीत नाही. हेलिकॉप्टर दरीच्या तोंडाशी वळलं तेव्हा आम्ही टाळ्या वाजवत होतो. नंतर मला एवढंच आठवतं, की मी कोयता घेऊन उतारावरून धावत होतो आणि या वयात मी धावू शकतो याचं मलाच आश्चर्य वाटत होतं. पट्टा कापून त्याला बाहेर काढला. हेलिकॉप्टरने पेट घेतला नाही ही देवी माउलीची कृपा.

आता ऐक. दोन तारांपैकी एक हेलिकॉप्टरने तोडली. ती तुटकी तार चार दिवसांत नाहीशी झाली. कुणी नेली? कुणाला माहीत नाही. दुसरी अजून तशीच दरीवर ताणलेली आहे. मी हरेशकडे गेलो. त्याने खुर्ची दिली, लिंबूपाणी दिलं आणि सांगितलं की ती तार आमची नाही, जुन्या मालकाची असेल. जुना मालक परदेशात. मग ग्रामपंचायतीत गेलो. तिथे म्हणाले, आमच्या दप्तरी अशी तार नाही. तालुक्याला गेलो. तिथल्या साहेबांनी विचारलं, तारेत वीज आहे का? नाही म्हटल्यावर म्हणाले, मग आमच्याकडे कशाला आलात? दुसऱ्या ऑफिसात सांगितलं, तार नदीवरून जाते, नदीवाल्यांकडे जा. नदीवाले आठवड्यातून एकदा येतात. त्या दिवशी आले नाहीत.

एकतीस वर्षं मी स्टँडवर माणसांना सांगत आलो की गाडी येईल, धीर धरा. आता लोक मला तेच सांगतायत. तेव्हा किती शिव्या खाल्ल्या असतील त्याचा हिशोब आता लागतोय.

जावयाला म्हणावं, सासऱ्याने अजून ड्युटी सोडलेली नाही. तुझ्या आईची आणि माझी माया तुला पुरेल तेवढी घे, उरली तर व्याह्यांना दे.

तुझा
बाबा


उलवे
५ जानेवारी २०२५

ती. बाबांना,
शि. सा. न. वि. वि.

दिवाळीत तुम्ही दोघं येऊन गेलात, त्यानंतर लिहायचं राहिलं. खरं तर लिहिण्यासारखं काही घडतच नाही, हाच त्रास आहे.

तळोज्याला माझी लॅब सुरू आहे. सकाळी लॅबच्या बसने जाते, नावड्याच्या सिग्नलला अडकते, संध्याकाळी तशीच परत. घरी आले की दिपेश विचारतो, टपाल आलं का? कंपनीला त्याने चार वेळा लिहिलं. अपघाताविषयी नाही, त्या उरलेल्या तारेविषयी. दर वेळी तेच उत्तर, की प्रकरण विचाराधीन आहे.

मागच्या रविवारी इंद्रजित आला होता. तोही त्याच कंपनीत वैमानिक आहे, दिपेशबरोबरच शिकलेला. लग्नात वरातीपुढे नाचून ज्याचा बूट हरवला, तो. तो सांगत होता, की येत्या एप्रिलमध्ये शिरवलखोलची फवारणी पुन्हा धरलीय आणि या वेळी पाळी त्याची आहे. त्याने ऑफिसात सांगितलं, तिथे एक तार अजून आहे, ती काढा, निदान तिच्यावर केशरी गोळे तरी लावा, म्हणजे लांबून दिसेल. त्यावर त्याला सांगण्यात आलं, की दुसऱ्याच्या मालमत्तेला आपण हात लावू शकत नाही, मालकाची परवानगी आणा. मालक कोण, ते कुणालाच माहीत नाही! मी म्हटलं, तू नाही म्हण ना. तर हसला. म्हणाला, वहिनी, मी नाही गेलो तर नवीन पोरगा पाठवतील, त्याला तर तार आहे हेसुद्धा माहीत नसेल.

तो गेल्यावर दिपेशने भिंतीवर काठी आपटली. चालायची काठी, नवीनच आणलेली. तिचे दोन तुकडे झाले. मग माझ्यावर ओरडला, मीही ओरडले, सासूबाई रडायला लागल्या. खालच्या मजल्यावरच्या भाडेकरूंनी वर येऊन विचारलं, सगळं ठीक आहे ना. मी सांगितलं, टीव्ही मोठा होता.

त्याच दिवशी सकाळी इथे नव्या विमानतळाच्या धावपट्टीवर चाचणीचं मोठं विमान उतरलं होतं. अख्खं उलवे गच्चीवर होतं. मामंजी गेले नाहीत. जिथे ते विमान टेकलं तिथे त्यांची भातखाचरं होती, हे तुम्हाला माहीत आहे. त्या जमिनीच्या बदल्यात मिळालेलं सगळं त्यांनी मुलाच्या पायलटच्या शिक्षणात घातलं. सगळी बिल्डिंग वर ओरडत होती आणि मामंजी दिपेशच्या पायाला तेल लावत बसले होते.

बाबा, तुमच्या पत्रातले विनोद आता मला झेपत नाहीत. एप्रिलला तीन महिने आहेत. तीन महिन्यांत एक तार उतरवता येत नाही, असा कसला हा देश आणि असे कसले आपण?

रागावू नका. रागावलात तरी पत्र टाका.

तुमची
क्षिप्रा


शिरवलखोल
२८ जानेवारी २०२५

चि. सौ. क्षिप्रा हिस,
अनेक आशीर्वाद.

विनोद करत नाही. परवा सव्वीस जानेवारीची ग्रामसभा झाली. झेंडा झाल्यावर मी उभा राहिलो आणि तारेचा विषय मांडला. हरेश इस्टेटीतर्फे बसला होता. सगळ्या गावासमोर तो उभा राहून म्हणाला, की या तारेशी इस्टेटीचा कसलाही संबंध नाही, नव्हता, आणि तिची देखभालही आम्ही कधी केलेली नाही. सभेने ठराव केला. काय ठराव? तर तारेच्या मालकाचा शोध घेण्यात यावा. शोध कुणी घ्यावा, ते ठरावात नाही.

माझ्या दोन्ही चपला झिजल्या, बाय. आता कुठल्या दारात जाऊ ते तूच सांग. तुझी आई म्हणते, देवाच्या दारात जा. तिथेही रांग असेल.

मायेत कमी नाही, अक्कल मात्र संपली.

बाबा


उलवे, ३ मार्च २०२५

रा. रा. दिलीपराव व्याही यांस,
नामदेव घरत याचा रामराम.

मी चवथीपरेंत शिकलेला मानूस हाय, चुकला तर समजून घ्या. तुमची पत्रा सुनबाय मना वाचून दाखवतं. तुमी लय पायपीट केली. आमी पन केली हाय. आमची जमिन गेली तवा धा वर्सा आमी या हापिसातून त्या हापिसात फिरलो. एकाचे टेबलावं मोर्चा नेला, तो बोलला दुसरे टेबलावं न्या. म्हनून सांगतू, अर्जाचा कागद उचलून दमाल पन तार काय खाली यायची नाय.

पोरगा माजा दिवसभर बसून रातो. बोलत नाय. परवा मना बोलला, बाबा, माजीच नजर चुकली असंल. मना ते आयकून जेवन गेला नाय. तो असा बोलनारा पोरगा नाय, दिलीपराव. लहानपनी त्याला खाडीत चिंबोरी चावली तरी चिंबोरीचीच चुकी हाय बोलायचा.

आता मी काय ठरवलाय ते सुनबायला सांगू नका. मी शिमग्याला तुमचेकडं येतू. घरी बोललोय का कोकनातला शिमगा बघायचा हाय. माजेसंगती कुंदन हाय. आमचे बिल्डिंगीचा लोखंडाचा काम त्यानीच केला. त्याचा गॅस कटर, चेनपुली सगला टेम्पोत टाकून आनतू. तुमी फक्त खांबापरेंतची वाट दाखवा आनि चांगला मासा बघून ठेवा.

भांडान झाला तर माज्या नावावं. तुमी सरकारी पेन्शनवाले, तुमी लांब रावा.

वैनीस्नी नमस्कार. लोभ हाय तो हायेच, मासा विसरू नका.

नामदेव


शिरवलखोल
२१ मार्च २०२५

चि. सौ. क्षिप्रा हिस,
अनेक आशीर्वाद.

तुझे सासरे सुखरूप पोचले असतील. शिमगा कसा झाला असं तू त्यांना विचारलंस तर ते पालखीचं वर्णन करतील. ते खोटं नाही, पालखी त्यांनी खांद्यावर घेतली होती. पण त्यांच्याआधी दुसऱ्या कुणाकडून तुझ्या कानावर जाऊ नये म्हणून उरलेलं मी लिहितो. खाली बसून वाच.

आम्ही तार उतरवली.

धुळवड झाल्यावर दुसऱ्या दिवशी, सकाळी उजेडात, सगळ्यांच्या देखत. चोरून काही नाही. व्याही मला म्हणत होते तुम्ही घरी बसा, पेन्शनचा विचार करा. मी म्हटलं, पेन्शन गेली तर तुमच्याकडे भाड्याने राहायला येईन. मग शिटी काढली. रिटायर झाल्यापासून ट्रंकेत होती. तार ज्या पायवाटेवर पडणार ती मी दोन्ही बाजूंनी अडवली, गुरं हाकलली, पोरांना मागे रेटलं. कुंदन हा अबोल माणूस आहे, पण कामाला चोख. ताणलेली तार तशीच कापली तर सापासारखी उसळून माणूस मारते, असं तो म्हणाला. म्हणून आधी खांबाला चेनपुली लावून तिचा ताण हळूहळू सोडला. तार पोटात ढिली झाली, झाडांवर टेकली, मग कटरची ज्योत लावली. दरीपलीकडच्या खांबाशी वाडीतली चौघं दोर धरून होती. तार पडली तेव्हा फार मोठा आवाज नाही झाला. पानं सळसळली आणि वर नुसतं आकाश राहिलं. तुझे सासरे टोपी काढून तिथेच धोंड्यावर बसले. मीही बाजूला बसलो. इथेच त्यांचा मुलगा पडला होता.

पुढचं ऐक. तारेचं वेटोळं करून आम्ही ते ग्रामपंचायतीच्या दारात ठेवलं आणि वर पुठ्ठा लावला, की ही तार ज्याची असेल त्याने ओळख पटवून घेऊन जावी. मला वाटलं, सहा महिने तिथेच गंजेल. तिसऱ्या दिवशी हरेश ट्रॅक्टर घेऊन आला! पंचायतीच्या शिपायाने अडवलं, तर म्हणाला, आमची वस्तू आहे, हात लावाल तर बघा. आणि तसाच पुढे ठाण्यात जाऊन त्याने आमच्यावर तक्रार दिली.

आम्हाला बोलावणं आलं. गेलो. फौजदार तरुण आहे. त्याने तक्रार वाचून दाखवली. तुझ्या सासऱ्यांना नीट ऐकू यावं म्हणून, आणि मलाही, मोठ्याने वाचली. त्यात लिहिलंय, की सदर रोपवेची तार इस्टेटीच्या मालकीची असून खरेदीखतात तिची नोंद आहे, इस्टेटीतर्फे दर वर्षी तिला तेलपाणी व तपासणी केली जाते, आणि ती चालू स्थितीत होती. आमच्याकडून नुकसान भरून घ्यायचं तर वस्तू चांगली होती असं दाखवायला नको का? हा मोह हरेशला आवरला नाही. मी फौजदाराला म्हटलं, साहेब, तेवढंच पुन्हा एकदा वाचा. त्याने वाचलं. मग माझ्याकडे पाहिलं आणि पेन खाली ठेवलं. गेल्या एप्रिलमधल्या अपघाताचा पंचनामा त्यानेच केला होता.

दर वर्षी तेल घालतात म्हणजे हरेशला ती तार माहीत होती. नकाशा पुढे करताना माहीत होती, ग्रामसभेत उभा राहिला तेव्हाही माहीत होती.

रीतसर जामीन लिहून देऊन आम्हाला सोडलं. तक्रारीची नक्कल मी मागून घेतली आहे. सोबत तिची झेरॉक्स जोडतो. जावयाच्या हातात दे.

रागावणार हे गृहीत धरून आधीच तुझ्या मायेकडे थोडी सूट मागून ठेवतो.

बाबा, आरोपी क्रमांक दोन
(क्रमांक एकचा मान व्याह्यांनी सोडला नाही.)


उलवे
४ एप्रिल २०२५

ती. बाबांना,
शि. सा. न. वि. वि.

तुम्हा दोघांची वयं मिळून एकशे चाळीसच्या पुढे आहेत. तार उसळली असती तर? मी लॅबमध्ये दुपारी पत्र वाचलं आणि बाथरूममध्ये जाऊन रडले. मग हसले. मग परत राग आला. मामंजींना विचारलं तर म्हणतात, पालखी लय जड होती.

झेरॉक्स दिपेशला दिली. तेल घालतात, तपासणी करतात, ते वाक्य त्याने बोट ठेवून वाचलं. मग म्हणाला, मी त्याला विचारलं होतं. मी म्हटलं, हो. तर पुन्हा म्हणाला, क्षिप्रा, मी त्याला विचारलं होतं. असं तो संध्याकाळपर्यंत अधूनमधून म्हणत राहिला. सासूबाई घाबरल्या, पण मला बरं वाटलं. वर्षभरात पहिल्यांदा तो ज्याच्यावर रागवायला हवं त्या माणसावर रागावला होता.

पण कंपनीचं बघा. आम्ही नक्कल पाठवली, तर उत्तर आलं, की नव्या माहितीची नोंद घेतली आहे, अहवालात तूर्त बदल नाही. सरकारी चौकशीवाल्यांनी मात्र दिपेशचा जबाब पुन्हा घ्यायचं ठरवलंय. तारीख दिलेली नाही.

आणि काल हरेशचा फोन आला, थेट मला. आवाजात साखर. म्हणाला, ताई, गैरसमज झाला, वयस्कर माणसं आहेत, आम्ही तक्रार मागे घेतो, आपण आपसात मिटवू. मी विचारून सांगते म्हटलं. मामंजी शेजारीच बसले होते. त्यांनी मान हलवली, नाय म्हणून. तुमचं काय ते कळवा. माझा जीव मेटाकुटीला आलाय. बापाला आणि सासऱ्याला कोर्टात उभं करायची हौस मला नाही. पण मिटवून टाकलं तर ती तार पुन्हा कुणाचीच नाही.

पोस्टाने नको, या वेळी फोनच करा, आणि मशीन लावा.

तुमची
क्षिप्रा


उलवे
२७ एप्रिल २०२५

ती. बाबांना,
सा. न. वि. वि.

मी दिपेश. तुम्हाला पहिल्यांदाच पत्र लिहितोय. लेखनात काना-मात्रा चुकल्या तर क्षिप्राला दोष द्या, ती शेजारी बसूनही सांगत नाहीये.

हरेशला काय उत्तर द्यायचं ते तुम्ही फोनवर सांगितलंत, ते स्पीकरवर आम्ही सगळ्यांनी ऐकलं. मिटवायचं नाही, आम्ही तार तोडली, गुन्हा कबूल आहे, आता तुमची तार तुमचीच म्हणून कोर्टात शपथेवर सांगा, नाहीतर खोटी तक्रार दिली म्हणून सांगा. माझे बाबा तेव्हा जेवत होते. त्यांनी उभं राहून टाळी वाजवली, हात भाताने भरलेला. केस मागे घेऊ नका म्हणून आरोपीच अडून बसलेत, असं आजवर पाहिलं नाही, असं आमचा वकील म्हणतो.

काल सकाळी इंद्रजितने तुमची दरी फवारली. तुम्ही पाहिलंच असेल. इकडचं सांगतो. मी पहाटेच उठून गॅलरीत बसलो होतो. क्षिप्राने सुट्टी घेतली होती, पण कारण सांगत नव्हती. सकाळ चढली तसं मला कळत होतं की आता तो वळला असेल, आता नदीवर असेल. माझे पाय पेडल दाबत होते, सळीवाला पायसुद्धा. मग त्याचा फोन आला. औषध भरायला खाली उतरला होता, हेलिकॉप्टरचा पंखा चालू होता, नीट ऐकू येत नव्हतं. एवढंच म्हणाला, मोकळं आहे यार, एकदम मोकळं आहे.

मी फोन बाबांच्या हातात दिला. त्यांनी इंद्रजितला विचारलं, जेवलास का? सकाळी साडेसातला.

डॉक्टर म्हणतात, फवारणीचं उडणं आता विसर. पाठ तो झटका सोसणार नाही. मी खूप भांडलो, पण ते खरं आहे आणि मला अजून पचलेलं नाही. पुढे काय करायचं ठाऊक नाही. कंपनीने अहवाल बदललेला नाही. चौकशीची तारीख दोनदा पुढे गेली. चीड येते, रोज येते. पण आता ती चीड माझ्यावर नाही, एवढा फरक पडलाय.

दोडामार्गच्या कोर्टातली पहिली तारीख बारा जूनची आहे असं बाबांना कळलंय. ते नवीन धोतर घेणार आहेत. मीही येतोय. क्षिप्रा म्हणते, गाडीत एवढे तास बसवणार नाही. मी तिला सांगितलंय, की वाटेत दर तासाला थांबू, झाडाखाली आडवा होईन, पण येणार. हरेश जेव्हा पिंजऱ्यात उभा राहून ती तार आमची आहे म्हणेल, तेव्हा मला समोरच्या बाकावर बसायचंय. उडत असताना त्याने मला नीट पाहिलं नव्हतं. आता बसलेला पाहू दे.

आईंना नमस्कार. आम्हा तिघांची अंथरुणं ओटीवर घाला, आणि असाच हट्ट धरून राहा.

आपला
दिपेश